पदक मिळाले, पण स्टिक कोणाच्या हाती?

टोकियो (२०२१) आणि पॅरिस (२०२४) अशा सलग दोन ऑलिंपिकमध्ये भारताच्या पुरुष हॉकी संघाने कांस्यपदक मिळविले. मात्र पॅरिसच्या संघात महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता. धनराज पिल्ले यांच्या राज्याला हे भूषणावह नाही. खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरी वसाहतीत वाढलेले धनराज लहानपणी मोडलेल्या स्टिक दोरीने बांधून खेळत. ती वाट आता जवळपास बुजली आहे.

१९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. असे मैदान उभारण्यास कोट्यवधी रुपये लागतात, काही वर्षांनी ते बदलावेही लागते. साहजिकच टर्फ मोजक्या शहरांतच आहे. क्रिकेटमध्ये एका बॅटवर अख्खी गल्ली खेळते. हॉकीत प्रत्येकाला स्वतःची स्टिक हवी. गोलरक्षकाच्या साहित्याचा खर्च तर निराळाच.

ओडिशाने २०१८पासून राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्व घेतले, तसेच सुंदरगडसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात गटपातळीवर टर्फ उभारण्याचे काम हाती घेतले. महाराष्ट्रात शाळेने स्टिक दिली, तरी टर्फपर्यंतचे रोजचे बसभाडे पालकांच्याच खिशातून जाते.