फुकटच्या कार्डाचं शेकडा किती?

बचत गटाची बैठक संपता संपता आमच्यातल्या एकीने पर्समधून चकचकीत कार्ड काढलं. ‘ताई, हे क्रेडिट कार्ड लाइफटाइम फ्री आहे. वर्षाला एक रुपया फी नाही!’ बाजारपेठेत टेबल टाकून बसलेल्या मुलाने दहा मिनिटांत फॉर्म भरून घेतला होता म्हणे. तिच्या आनंदावर विरजण घालावंसं वाटेना, पण सोबत आणलेलं बिल वाचलं आणि गप्प बसवेना.

तिने कार्डावर वीस हजारांचा फ्रिज घेतला होता. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून छापलेले हजार-बाराशे रुपये ती दर महिन्याला हप्ता समजून भरत होती. तीन महिन्यांनंतरही देणं एकोणीस हजारांच्या आसपासच!

मैत्रिणींनो, गोम इथेच आहे. पूर्ण बिल वेळेत भरलं तर व्याज नाही. पण थोडी जरी रक्कम मागे ठेवली तर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. महिन्याला साडेतीन टक्के धरा. वीस हजारांवर सातशे रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आठशे सव्वीस. पाचशे रुपयांची वार्षिक फी वाचवली आणि एकाच महिन्यात त्याहून जास्त घालवले!

आपल्या गटात शेकडा दोनने कर्ज देताना आपण किती घासाघीस करतो! इथे शेकडा साडेतीन, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, आणि कुणी विचारतही नाही. ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. म्हणजे आता आपली काळजी आपणच घ्यायची.

मग कार्ड घ्यायचंच नाही का? तसं नाही. महिन्याचं बिल महिन्याला पूर्ण भरणारीला फी नसलेलं कार्ड सोयीचंच. फक्त सही करण्याआधी विचारा : फी कायमची माफ आहे की पहिल्या वर्षापुरती? की वर्षाला अमुक इतका खर्च केला तरच माफ? व्याज शेकडा किती? उशीर झाला तर दंड किती? या कार्डावर एटीएममधून पैसे मात्र काढू नका. त्यावर वेगळी फी आणि पहिल्या दिवसापासून व्याज. स्वतःची कमाई नसेल तर मुदत ठेवीवर कार्ड देणाऱ्या बँका आहेत, तिथे चौकशी करा.

रिझर्व्ह बँकेचे नियम आपल्या बाजूचे आहेत. व्याज आणि आकार सांगणारं एक पान अर्जासोबत द्यावंच लागतं. न मागता कार्ड देता येत नाही. देणं बाकी नसताना बंद करायला सांगितलेलं कार्ड सात कामकाजाच्या दिवसांत बंद झालं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे. तक्रारीला बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

आमच्या त्या सखीचं काय झालं? फ्रिजसाठी गटाचे पैसे द्यायचे का, यावर पुढच्या बैठकीत बरीच वादावादी झाली. शेवटी दिले, शेकडा दोननेच. तिने कार्डाचं सगळं देणं एकरकमी फेडलं. कार्ड अजून आहे, पण पर्समध्ये नाही. कपाटात, पातळांच्या घडीखाली. आणि गटात आता कुणी ‘फ्री’ म्हटलं की बायका एका सुरात विचारतात, ‘शेकडा किती?’