वर्तमानकाळाचा सराव

पोटापाण्यासाठी बंगळुरूला गेलेल्या मराठी माणसाला एक वाक्य वारंवार इंग्रजीत बोलावे लागते: ‘मी पाच वर्षांपासून इथे राहतो.’ खोली भाड्याने घेताना, बँकेत, नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न येतोच. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स,’ असे तो सांगतो. समोरचा गालातल्या गालात हसतो, आणि पुढच्या वेळी हा माणूस तोंडच उघडत नाही. चुकीपेक्षा हे गप्प होणे अधिक महाग पडते.

वास्तविक ही चूक आळसातून होत नाही. ती मातृभाषेच्या वळणातून येते. पूर्वी सुरू झालेली आणि आजही चालू असलेली गोष्ट मराठी माणूस साध्या वर्तमानकाळात सांगतो. कन्नडचेही वळण असेच असल्याने शेजारचा कन्नडभाषकही पुष्कळदा तेच वाक्य बोलतो. इंग्रजीला मात्र तेथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ हे निराळे रूप लागते. शिवाय मुदत सांगताना ‘फॉर फाइव्ह इयर्स’ आणि आरंभ सांगताना ‘सिन्स २०१९’. मराठीतले एकटे ‘पासून’ ही दोन्ही कामे करते. गोंधळाचे मूळ तेथे आहे.

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हेही असेच एक वाक्य. असणे, माहीत असणे, हवे असणे या स्थिती आहेत. त्यांना इंग्रजी सहसा ‘इंग’ लावत नाही. मुंबईचे कवी निसिम इझिकेल (१९२४–२००४) यांनी या भारतीय ‘इंग’वर विनोदी कविता लिहिल्या. कवितेत ते हसू गोड वाटते. मुलाखतीत उमेदवाराला ते बोचते.

मग सराव कसा करावा? ‘गो, गोज, गोइंग’ असे तक्ते घोकून पाठांतर होते, बोलणे येत नाही. इंग्रजीच्या शिक्षकांना प्रशिक्षण देणारी प्रादेशिक इंग्रजी संस्था बंगळुरूतच १९६३ पासून आहे. पण शाळा सुटलेल्या प्रौढाला शिक्षक लाभतोच असे नाही. त्याच्याजवळ स्वतःचा दिवस मात्र असतो. रात्रपाळीच्या कामगाराने ‘आय वर्क ॲट नाइट’ म्हणावे आणि पाळी बदलली की ‘धिस वीक आय ॲम वर्किंग इन द मॉर्निंग’. नेहमीचे आणि तात्पुरते यांतील भेद या दोन वाक्यांत जितका स्पष्ट होतो, तितका व्याख्येने होत नाही. मग बहिणीविषयी बोलावे: ‘शी वर्क्स इन अ हॉस्पिटल.’ हा ‘एस’ हमखास गळतो. करतो, करते, करतात ही रूपे लीलया वापरणाऱ्याला एक ‘एस’ जड जाऊ नये. जीभ वळेपर्यंत तो रोज मोठ्याने उच्चारावा लागतो, इतकेच. घरात ऐकणारे कोणी नसेल, तर बसच्या रांगेत पुटपुटले तरी चालते.