वायू परका, निर्णय आपला

चौलला येणारा आजचा प्रवासी नारळी-पोफळीच्या वाड्या पाहतो, रामेश्वराच्या पुष्करणीपाशी क्षणभर विसावतो आणि रेवदंड्याच्या पडक्या तटावरून कुंडलिकेच्या खाडीचे दर्शन घेऊन परततो. हे गाव एके काळी पश्चिम किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदर होते, हे त्याला मुद्दाम सांगावे लागते. प्राचीन ग्रीक लेखकांनी याचा उल्लेख केला. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी येथे आला. पंधराव्या शतकात रशियाचा व्यापारी अफनासी निकितिन घोडा विकण्याच्या आशेने येथेच उतरला. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ल्याचे काम आरंभले आणि १७४० मध्ये मराठ्यांनी ते ठाणे त्यांच्या हातून सोडवले. पुढे खाडी गाळाने भरत गेली, मुंबईचा उदय झाला आणि चौलचे वैभव ओसरले.

बंदराचे भाग्य केवळ धक्क्याच्या दगडात नसते. मागचा मुलूख कोणता माल घेतो, तो कोणत्या भावाने घेतो आणि भाव ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो, यावर बंदर तरते किंवा बुडते. जुन्या काळी चौलच्या जोडीने ज्याचे नाव घेतले जाई, त्या दक्षिणेकडील दाभोळच्या किनाऱ्याने हा धडा विसाव्या शतकाच्या अखेरीस फार मोठी किंमत मोजून घेतला. अवजड उद्योगांची आणि ऊर्जाप्रकल्पांची चर्चा रायगडच्या किनाऱ्याला नवी नाही. म्हणूनच हा धडा येथील सुजाण नागरिकांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

कल्पना चांगली, करार वाईट

द्रवरूप नैसर्गिक वायू, म्हणजे एलएनजी, ही काही जादूची वस्तू नव्हे. नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की तो द्रवरूप होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. तो खास बांधणीच्या जहाजांतून आणायचा, किनाऱ्यावरील प्रचंड टाक्यांत साठवायचा आणि पुन्हा ऊब देऊन वायुरूप करायचा, हे टर्मिनलचे काम. शेजारीच वीजकेंद्र असेल तर दोघांचाही लाभ होतो. वायू दूर नेण्याचा खर्च वाचतो, वीजकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या कोमट पाण्याची उष्णता द्रवाला वायुरूप देण्यास वापरता येते आणि टर्मिनलला पहिल्या दिवसापासून एक मोठा ग्राहक मिळतो.

एन्रॉन या अमेरिकी कंपनीने महाराष्ट्रापुढे हीच कल्पना मांडली. जून १९९२ मध्ये राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदी करारावर सह्या झाल्या. वसिष्ठीच्या दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यातील अंजनवेल, वेलदूर आणि रानवी या गावांच्या परिसरात हा प्रकल्प उभा राहायचा होता. नाव मात्र पलीकडच्या तीरावरील दाभोळचे मिळाले. दोन्ही टप्पे मिळून क्षमता दोन हजार मेगावॅटहून अधिक होती. पहिला टप्पा आरंभी नाफ्थ्यावर चालणार होता आणि दुसऱ्या टप्प्यासोबत वर्षाला ५० लाख टन क्षमतेचे एलएनजी टर्मिनल येणार होते.

दोष कल्पनेत नव्हता, करारात होता. विजेचा दर डॉलरशी बांधलेला होता. इंधनाच्या भावातील प्रत्येक चढ थेट वीज मंडळाच्या देयकात उतरणार होता. वीज घेतली नाही तरी प्रकल्प सज्ज असल्याबद्दल स्थिर आकार भरणे मंडळाला बंधनकारक होते. त्यावर राज्य सरकारची हमी आणि राज्याच्या हमीवर केंद्राची प्रतिहमी होती. तंट्याचा निवाडा लंडनमधील लवादापुढे व्हायचा होता. सारांश, धोका सगळा महाराष्ट्राचा आणि नफ्याची शाश्वती सगळी कंपनीची!

जागतिक बँक म्हणजे काही स्वदेशीची पुरस्कर्ती संस्था नव्हे. तिनेही एप्रिल १९९३ मध्ये या प्रकल्पाला अर्थसाह्य देण्यास नकार दिला. राज्याला इतक्या विजेची एकदम गरज नाही आणि आयात वायूची ही वीज कोळशावरील स्वस्त विजेला बाजूला सारील, असे तिचे मत होते. ज्यांनी विकासविरोधी म्हणून टीका करणाऱ्यांची संभावना केली, त्यांनी हे मत वाचूनही न वाचल्यासारखे केले.

घोषणेनंतरची परीक्षा

या करारावर त्या काळी अनेक बाजूंनी प्रहार झाले. स्वदेशी जागरण मंचाने जनजागरण केले. डाव्या कामगार संघटनांनी आणि पुण्याच्या प्रयास संस्थेने हिशेब मांडले. गुहागरच्या ग्रामस्थांनी भूमी आणि मासेमारी यांसाठी लढा दिला. १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा प्रचारात गाजली. युतीचे सरकार आले, उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी प्रकल्प रद्द झाल्याची घोषणा झाली.

कार्यकर्त्यांच्या दृष्टीने तो कृतार्थतेचा क्षण होता. परंतु पुढील इतिहासही तितक्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे. काही महिन्यांतच फेरवाटाघाटी झाल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने सुधारित प्रकल्पाला मान्यता दिली. कागदावरचा दर उतरला, पण डॉलरची गाठ आणि इंधनाच्या भावाचा फास तसाच राहिला. उलट, आधी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पा आता बंधनकारक झाला. मे १९९६ मध्ये केंद्रातील तेरा दिवसांच्या सरकारने विश्वासदर्शक ठरावाला सामोरे जात असतानाच प्रतिहमीला मंजुरी दिली. १९९७ मध्ये वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत पोलिसांनी पहाटे धाड घालून स्त्रियांनाही अटक केली, त्या वेळीही राज्यात युतीचेच सरकार होते.

ही आठवण कोणाला खाली पाहायला लावण्यासाठी नाही. रस्त्यावर दिलेली घोषणा आणि मंत्रालयात केलेली सही यांत अंतर पडले की पहिला घाव कार्यकर्त्याच्या शब्दाला बसतो. घरोघरी जाऊन ज्याने करारातील दोष समजावून सांगितले, त्याच्याकडे लोक नंतर कोणत्या नजरेने पाहतात, याचा विचार सत्तेच्या दालनात क्वचितच होतो. विरोधकाच्या सहीतील दोष दाखवणे सोपे असते. आपल्या माणसांच्या सहीलाही तीच कसोटी लावणे, ही खरी स्वदेशी निष्ठा होय.

जहाज आले तेव्हा चूल विझलेली

मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. करार झाला तेव्हा ३१ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २००१ पर्यंत ४७ रुपयांच्या घरात गेला, तेलाबरोबर नाफ्थाही भडकला आणि २००० साली काही महिन्यांत एका युनिटची किंमत सात रुपयांवर गेली. वीज मंडळ थकले. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००१ मध्ये करारातील उणिवा तपशीलवार मांडल्या. मे २००१ च्या अखेरीस मंडळाने वीज घेणे थांबवले आणि दुसऱ्या टप्प्याचे बहुतेक पूर्ण झालेले काम ठप्प झाले. डिसेंबरमध्ये एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली.

समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत कोट्यवधींची यंत्रे गंजत पडली. २००५ मध्ये एनटीपीसी, गेल, राज्य वीज मंडळाची उत्तराधिकारी कंपनी आणि वित्तसंस्था यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन केली आणि भारतीय अभियंत्यांनी ते वीजकेंद्र पुन्हा उभे केले. १,९६७ मेगावॅटचे हे केंद्र आधी नाफ्थ्यावर, मग गुजरातमधील दहेजहून रायगडमार्गे आलेल्या नळवाहिनीतील वायूवर आणि पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील देशी वायूवर चालले. तो देशी वायू आटला आणि २०१३ मध्ये केंद्र बंद पडले.

दैवाचा खेळ असा की, ज्या टर्मिनलसाठी हा सारा खटाटोप झाला, ते याच २०१३ मध्ये कार्यान्वित झाले. वायूचे जहाज दाराशी आले, पण शेजारच्या केंद्राला तो वायू परवडेना. टर्मिनल जगले ते वीजकेंद्रामुळे नव्हे. त्याच वर्षी सुरू झालेल्या दाभोळ-बंगळूर नळवाहिनीमुळे आणि तिच्यावरील कारखान्यांमुळे, शहरांमुळे. २०१५ मध्ये रेल्वेला सुमारे ५०० मेगावॅट वीज देण्याच्या योजनेने केंद्राला धुगधुगी आली, पण रेल्वेशी झालेल्या कराराची मुदत २०२२ मध्ये संपली. २०१८ मध्ये टर्मिनल कोकण एलएनजी या वेगळ्या कंपनीकडे गेले. जोडीने जन्मलेली दोन भावंडे शेवटी वेगळी झाली.

त्यातही एक मूलभूत उणीव राहिली होती. लाटा अडवणारा बांध, ज्याला दर्यावर्दी ब्रेकवॉटर म्हणतात, अपुरा होता. त्यामुळे कित्येक वर्षे पावसाळ्यात जहाज धक्क्याला लावता येत नसे आणि ५० लाख टनांची क्षमता कागदावरच राहिली. कोकणच्या पावसाळी दर्याचा स्वभाव येथील कोळ्याच्या लहान पोराला ठाऊक असतो. करार करणाऱ्या विद्वानांना तो ठाऊक असू नये, हे नवल!

जग काय सांगते

टर्मिनल आणि वीजकेंद्र यांची जोडी मुळातच अशुभ आहे, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. जपानकडे स्वतःचा वायू जवळजवळ नाही. तरीही १९६९ मध्ये अलास्काहून पहिले जहाज योकोहामाजवळील नेगिशीला आले, तेव्हा तो वायू टोकियोच्या वीज कंपनीने आणि शहराला इंधन पुरवणाऱ्या गॅस कंपनीने मिळून घेतला होता. ग्राहक दोन होते, म्हणून एकाची मागणी घटली तरी दुसरा उभा असे. आपल्याकडील दहेजचे टर्मिनल २००४ मध्ये सुरू झाले. त्याच्यामागे देशी नळवाहिन्यांचे जाळे आणि खत कारखान्यांची मागणी आधीपासून होती, म्हणून ते विस्तारत गेले. उलट कोचीचे टर्मिनल २०१३ मध्ये सज्ज झाले, पण मंगळूरपर्यंतची नळवाहिनी २०२१ मध्ये पुरी होईपर्यंत ते बव्हंशी रिकामे राहिले. रत्नागिरीतील जयगडला २०२१ मध्ये तरंगते टर्मिनल असलेले जहाज आले आणि व्यापार सुरू न होताच निघून गेले.

रायगडनेही याची दुसरी बाजू पाहिली आहे. मुंबई हायचा वायू उरणला किनाऱ्यावर आला आणि त्यावर १९८२ पासून उरणचे वायू वीजकेंद्र उभे राहिले. थळचा खत कारखानाही त्याच वायूवर वाढला. वायू आपला, भाव आपला, ग्राहक जवळचे. तरीही देशी वायूचा पुरवठा घटला तेव्हा ६७२ मेगावॅटचे उरण केंद्र पूर्ण क्षमतेने चालेना. तेव्हा स्वदेशी इंधनाचाही हिशेब दूरवरचा ठेवावा लागतो.

आणि परदेशी इंधन कितपत भरवशाचे, ते २०२२ ने दाखवले. युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि युरोपने वायूची जहाजे चढ्या भावाने आपल्याकडे वळवली. रशियाच्या गाझप्रोमच्या ज्या उपकंपनीशी गेलचा दीर्घ मुदतीचा करार होता, ती जर्मन सरकारच्या ताब्यात गेली आणि भारताकडे येणारी जहाजे थांबली. संकटकाळी करारापेक्षा स्वदेशहित वरचढ ठरते, हे जर्मनीने कृतीने सांगितले. त्याबद्दल त्या देशाला दोष देण्यापेक्षा ते शिकणे श्रेयस्कर.

आज देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा बाहेरून येतो. वीस हजार मेगावॅटहून अधिक क्षमतेची वायू वीजकेंद्रे बहुतांश काळ थंड असतात. पण २०२४ च्या उन्हाळ्यात मागणी शिगेला पोहोचली, तेव्हा केंद्र सरकारने वीज कायद्याच्या कलम ११ चा आधार घेऊन हीच केंद्रे चालवायला लावली. सूर्य मावळल्यावर सौर वीज थांबते आणि चटकन पेटणारे वायूचे केंद्र उपयोगी पडते. वायूची खरी जागा ही आहे, अडीअडचणीच्या तासांची. चोवीस तासांच्या विजेसाठी तो फार महाग आहे.

म्हणून कोकण किनाऱ्यावर असा प्रकल्प पुन्हा कोणी मांडला, तर त्याचे स्वागत किंवा विरोध घोषणेने ठरू नये. करार सह्या होण्यापूर्वी जनतेपुढे मांडला जावा. दर रुपयांत असावा, आणि डॉलरचा व इंधनाचा धोका दोन्ही पक्षांनी वाटून घ्यावा. टर्मिनलला वीजकेंद्राखेरीज इतर ग्राहक आणि नळवाहिनी आधी निश्चित असावी. लाटारोधक बांध पहिल्या दिवशीच्या खर्चात धरलेला असावा. समुद्रात सोडलेल्या थंड-गरम पाण्याचा मासळीवर काय परिणाम होईल, हे कोळीवाड्यातील जाणत्यांना विचारून ठरावे. तंटा झाल्यास न्याय भारतीय भूमीवर व्हावा. आणि सही करणारा पक्ष कोणताही असो, हेच प्रश्न त्याच सुरात विचारले जावेत.

वायू परका असला तरी चालेल. जपानचाही परकाच होता. निर्णय आपला हवा, आणि तो सत्तेवर कोण बसले आहे हे पाहून बदलणारा नसावा.