बिनखाकीचा पोलीस
परवा शिमग्याच्या गावबैठकीत पालखी आधी कुठल्या वाडीत, यावरून अशी जुंपली की सगळ्यांचा चहा निवला. पोलीस पाटलांनी चष्मा पुसला, खिशातली वही काढली नि एवढंच विचारलं, "नावं लिहू काय?" सगळे गप! रत्नागिरीत अधीक्षकांपासून ठाणं, दूरक्षेत्र अशी उतरंड आहे खरी. पण ठाण्याची गाडी वळणं घेत येईपर्यंत गाव याच माणसाच्या हवाली. १९६७च्या ग्राम पोलीस कायद्यातलं हे पद. नेमणूक प्रांत करतात, अंगावर खाकी नाही, मिळतं ते मानधन. (माझ्या लेखी फौजदारापेक्षा हाच मोठा.) म्हातारा हरवो की विहिरीत कोणी पडो, पहिली हाक यालाच. तेव्हा पाटील दारात आले, तर निदान बसा म्हणा.