धावणाऱ्या गावातला मुक्काम

अमेरिकेत मुलांकडे जाऊन आलेल्या आपल्या मंडळींच्या गप्पांत काही नावे ठरलेली असतात. नायगारा झाला, न्यूयॉर्क झाले, सॅनफ्रान्सिस्कोचा तो तांबडा पूल झाला की यात्रा सुफळ संपूर्ण! या यादीत यूजीनचे नाव मी तरी अद्याप कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. पॅसिफिक किनाऱ्यावरील ऑरेगन राज्यातले हे पावणेदोन लाख वस्तीचे विद्यापीठाचे गाव. पोर्टलंडपासून दक्षिणेस मोटारीने सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. कॅलिफोर्नियाकडे जाणारा हमरस्ता गावाला खेटूनच जातो, आणि बहुतेक प्रवासी पेट्रोल भरून पुढची वाट धरतात. पोर्टलंडहून सॅनफ्रान्सिस्कोला मोटारीने जाताना आमच्या चिरंजीवांनी येथे दोन रात्रींचा मुक्काम योजला, तो निव्वळ काटकसरीच्या हिशेबाने. पण ज्या गावातली सर्वांत चांगली गोष्ट फुकट मिळते, त्याची ओळख वाचकांना करून द्यावी असे वाटले, म्हणून हा प्रपंच.

प्रथम हिशेबाचे बोलू. गावात मोठ्या शर्यती असल्या म्हणजे खोल्यांची भाडी आभाळाला भिडतात. म्हणून निघण्यापूर्वी तारखा पाहून घ्याव्यात. एरवी हमरस्त्यालगतच्या मोटेलात बेताच्या भाड्यात निभावते. ऑरेगन राज्यात विक्रीकर नाही, त्यामुळे वस्तूवर लिहिलेली किंमत तीच द्यायची. ‘वर आणखी किती?’ हा अमेरिकेतला नेहमीचा धसका येथे नाही. शीतपेयांच्या रिकाम्या बाटल्या परत केल्या की प्रत्येकी दहा सेंट हाती येतात. बाटल्यांवर अनामत घेण्याचा हा कायदा या राज्याने १९७१ मध्येच केला. शनिवार असेल तर वसंतापासून शरदापर्यंत भरणारा, १९७० पासून चालत आलेला उघड्यावरचा बाजार पाहावा. पाहायला पैसे पडत नाहीत. आमच्याजवळ विजेचे भातपात्र, मेतकूट आणि लिंबाचे लोणचे होते. दोन्ही रात्री गरम मऊभात झाला. उपाहारगृहाची पायरी चढावी लागली नाही, आणि पोटानेही आशीर्वाद दिला.

आता गावाच्या वेडाविषयी. सकाळी सहाला खिडकीचा पडदा सारला, तो रस्त्यावर माणसे धावत होती. पोरे, पोरी, टक्कल पडलेले गृहस्थ, बाळाची ढकलगाडी पुढे लोटत धावणारी आई. कोणी पावसाचीही तमा बाळगत नव्हते. अमेरिकेत या गावाला ‘ट्रॅकटाउन’ म्हणजे धावपट्टीचे गाव म्हणतात. विद्यापीठाच्या ‘हेवर्ड फील्ड’ या क्रीडांगणाचा आरंभ १९१९ चा. परंतु साऱ्या गावाला पळायला लावले ते बिल बॉवरमन या शिक्षकाने.

बॉवरमन हा १९४८ च्या सुमारापासून १९७२ पर्यंत विद्यापीठाच्या धावपटूंचा गुरू. १९६२ च्या अखेरीस तो न्यूझीलंडला गेला. तेथील प्रसिद्ध प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड याने त्याला एका टोळीबरोबर टेकडीवर पळायला नेले. हा पन्नाशीतला नामांकित प्रशिक्षक थोड्याच वेळात धापा टाकू लागला आणि मागे पडला. त्याला सोबत द्यायला मागे राहिला तो कोण? सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके पचवलेला एक वृद्ध! तो गप्पा मारीत आरामात पळत होता आणि बॉवरमनला उत्तर देण्याइतकाही श्वास उरला नव्हता. ‘बोलता येईल इतक्याच वेगाने पळा’ हा धडा घेऊन बॉवरमन परतला आणि १९६३ च्या आरंभी त्याने यूजीनच्या सामान्य नागरिकांना क्रीडांगणावर बोलावले. गृहिणी आल्या, दुकानदार आले, पेन्शनरही आले. काही आठवड्यांत गर्दी इतकी वाढली की कोणाच्या जिवाला अपाय होऊ नये म्हणून त्याला हृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा लागला. त्या डॉक्टर हॅरिस यांच्यासह त्याने १९६७ मध्ये ‘जॉगिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि मंदगतीने पळण्याचे हे व्रत अमेरिकाभर पसरले.

या गृहस्थाची आणखी एक कथा खास भगिनींसाठी. वाफल म्हणजे चौकटीचौकटींचा जाड घावन. तो भाजायला दोन झाकणांचा साचा असतो. १९७१ मध्ये न्याहारी करता करता बॉवरमनच्या मनात आले, बुटाचा तळवा असा चौकटींचा केला तर जमिनीला घट्ट धरील. त्याने बायकोच्या साच्यात रबराचे रसायन ओतले. साचा कायमचा चिकटून बसला, पण कल्पना सुटली. त्याने आपला जुना विद्यार्थी फिल नाइट याच्याशी १९६४ मध्ये केलेली छोटी भागीदारी पुढे ‘नाइकी’ म्हणून जगभर गेली. बायको काय म्हणाली असेल, ते मात्र आपल्या वाचक भगिनींनीच ताडावे!

गुरूच्या पाठोपाठ शिष्याचे नाव येते. स्टीव्ह प्रीफाँटेन हा ऑरेगनच्या किनाऱ्यावरील कूस बे या लाकूडकामाच्या गावातल्या सुताराचा मुलगा. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटरच्या शर्यतीत तो चौथा आला. पदक थोडक्यात हुकले. हौशी खेळाडूने पैसा मिळवायचा नाही, असा त्या काळचा कडक दंडक. त्यामुळे देशाचे विक्रम नावावर असलेला हा तरुण हलाखीत राहत असे आणि या अन्यायाविरुद्ध उघडपणे बोलत असे. २९ मे १९७५ रोजी हेवर्ड फील्डवर त्याने एक शर्यत जिंकली आणि त्याच मध्यरात्रीनंतर टेकडीवरच्या रस्त्यावर मोटार उलटून तो गेला. वय अवघे चोवीस. त्या वेळी दोन हजारांपासून दहा हजार मीटरपर्यंतचे सारे अमेरिकन विक्रम त्याचे होते. अपघाताच्या जागी खडकापाशी आजही लोक आपली पदके, शर्यतीचे क्रमांक, कधी झिजलेले बूटसुद्धा ठेवून जातात. आपल्याकडे समाधीवर फुले वाहावीत, तसे.

युरोपातल्या मऊ मातीच्या वाटा पाहून आल्यावर, आपल्याही गावात तशी वाट असावी, असे त्याने लोकांच्या मागे लागून सांगितले होते. ती वाट त्याच्या मृत्यूनंतर १९७५ मध्ये झाली. विलामेट नदीच्या काठच्या उद्यानातून लाकडाच्या सालपटांचा थर पसरून केलेली ही सुमारे साडेसहा किलोमीटरांची वाट, ‘प्रीज ट्रेल’. तिकीट नाही, सभासदत्व नाही, वेळेचे बंधन विचारणारा पहारेकरी नाही.

या वाटेवर आम्ही दोन्ही सकाळी गेलो. आमच्या ‘ह्यांचे’ हृदयाचे ऑपरेशन होऊन तीन वर्षे झाली होती. डॉक्टरांनी ‘चाला, रोज चाला’ असे कितीदा बजावले होते. पण माणसाच्या मनाने एकदा स्वतःला काचेचे भांडे ठरवले की डॉक्टरांची चिठ्ठी काय करणार? घरच्या अंगणापलीकडे ते एकटे जात नसत, आणि मीही त्यांना जाऊ देत नसे. मुलाने रात्री न्यूझीलंडच्या त्या वृद्धाची गोष्ट सांगितली, तेव्हा ते काहीच बोलले नव्हते. सकाळी मात्र सालपटांवर पाऊल टाकले आणि चालू लागले. मागून येणारी पोरे वळसा घालून पुढे जात. कोणी थांबून न्याहाळले नाही, कोणी कौतुकही केले नाही. त्या गावात चालणारा म्हातारा ही बातमीच नव्हे. एका वळणावर त्यांनी माझ्याशी बोलणे सुरू केले, आणि बोलता बोलता परतीचे झाड मागे पडले. दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी बूट घालून दाराशी उभे होते.

गावाला दुसरी बाजूही आहे. जुने लाकडी प्रेक्षागृह २०१८ मध्ये अनेकांचा विरोध असताना पाडले गेले, आणि नाइट यांच्या देणगीच्या बळावर त्या जागी डोळे दिपवणारे नवे क्रीडांगण उभे राहिले. जुन्या लोकांना त्याची हळहळ वाटते. तथापि त्याच क्रीडांगणावर जुलै २०२२ मध्ये, अमेरिकेत प्रथमच, जागतिक मैदानी स्पर्धा झाल्या. नीरज चोप्राने ८८.१३ मीटर भाला फेकून रौप्यपदक घेतले ते येथेच. तीन हजार मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत आपला अविनाश साबळे अकरावा आला, तेही येथेच. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या शेतकऱ्याचा हा मुलगा. वाहन नाही म्हणून सहा किलोमीटरांची शाळा पायी गाठणारा, पुढे सैन्यात गेलेला. यूजीनहून निघाल्यावर तीन आठवड्यांच्या आतच बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक केवळ पाच शतांश सेकंदांनी हुकले. सुताराचा मुलगा असो वा शेतकऱ्याचा, या खेळाला भांडवल लागते ते पायांचे.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. विलामेटचे खोरे गवताच्या बियाण्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे मे-जूनमध्ये हवेत परागकण फार. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत. हिवाळाभर पाऊस पिरपिरतो. उन्हाळ्याच्या अखेरीस वणव्यांचा धूर कधी कधी खोऱ्यात उतरतो, म्हणून जुलै बरा. नव्या वस्त्रांची गरज नाही; नऊवारी नेसूनही त्या वाटेवर खुशाल चालावे. पायांत मात्र चांगले बूट हवेत. आणि बरोबर घरातले जे माणूस ‘आता माझे काय उरले आहे’ असे म्हणत खुर्चीत बसून असते, त्याला अवश्य न्यावे. ते जमत नसेल तर यूजीनपर्यंत तरी कशाला जायला हवे? उद्या पहाटे त्याचा हात धरून आपल्याच गावच्या बागेला एक फेरी घालावी. मात्र बोलता येईल इतक्याच वेगाने.