आमच्या दाराला बाहेरून कडी का?

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाचे पान एका मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून एका रात्रीत नाहीसे झाले. कारण काय, तर बायकांनी आपले स्तन स्वतः कसे तपासावेत याची रेखाचित्रे आम्ही तिथे टाकली होती. हीच चित्रे आम्ही वस्तीतल्या आरोग्य शिबिरांत वर्षानुवर्षे वापरतो; एकाही बाईला ती अश्लील वाटली नाहीत. कंपनीच्या यंत्राला वाटली. दाद मागायला माणूस नव्हता, फक्त एक अर्ज होता. अकरा दिवसांनी पान परत आले, चित्रे आली नाहीत.

तेव्हा आम्ही ठरवले, आपले लिखाण आपल्या घरात ठेवायचे. माझ्याकडच्या जुन्या संगणकावर लिनक्स आणि संकेतस्थळ चालवणारी प्रणाली बसवली. दोन्ही फुकट मिळतात. जुने अंक, पोटगीच्या अर्जाची माहिती, ती चित्रे, सगळे त्यावर चढवले. घरातल्या वायफायवर सगळ्यांच्या फोनवर पाने दिसली. मग एका मैत्रिणीने आपल्या घरी जाऊन पाहिले, तर काहीच नाही. बाहेरून येणारी मागणी त्या संगणकाकडे वळवण्याची सोय राऊटरमध्ये असते, ती केली. तरी नाही.

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, घरात कोणी जेन्ट्स आहेत का? त्यांना फोन द्या." मी दिला नाही. मग तो म्हणाला, "पण घरी सर्व्हर कशाला पाहिजे? तुमचा प्लॅन नुसता बघण्यासाठी आहे."

त्या मुलावर माझा राग नाही. दुसरे वाक्य तो अगदी खरे बोलला.

इंटरनेटवर पोहोचण्यासाठी आकडी पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत. त्यांचे शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये जगातल्या पाच विभागीय संस्थांना वाटून संपले. मग कंपन्यांनी एकेका पत्त्यामागे अनेक घरे बसवली. आपण आतून काही मागवले, तर कंपनीचे यंत्र त्याची नोंद ठेवते आणि उत्तर बरोबर आपल्या घरी पोहोचवते. पण बाहेरून कोणी आपणहून आले, तर त्याला कुठल्या घरी धाडायचे हे यंत्राला ठाऊक नसते. ते त्याला परत पाठवते. आपण खोलीचे दार सताड उघडले तरी चाळीच्या फाटकाची किल्ली कंपनीकडेच. तुमच्या राऊटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ यांमधला असेल, तर तुम्हीही अशाच फाटकाआड आहात.

पत्ते कमी पडले हे खरे, पण ते अर्धेच कारण आहे. आयपीव्ही ६ या नव्या पद्धतीचे पत्ते मुबलक आहेत आणि ते वापरण्यात भारत जगात पुढे आहे. तरीही कंपनीने दिलेल्या राऊटरवर बाहेरून येणारी वाट बहुधा बंदच असते. जुन्या पद्धतीचा कायमचा पत्ता मात्र जादा पैसे मोजले, किंवा व्यावसायिक जोडणी घेतली, की मिळतो. म्हणजे पत्ता आहे; घरगुती माणसासाठी नाही. घरगुती माणसाने पाहावे, ऐकावे, खरेदी करावी. बोलायचे असेल तर कंपनीच्या अंगणात, तिच्या मर्जीने.

बायकांना हे नवे आहे का? बाईचा पत्ता आधी बापाचा, मग नवऱ्याचा. घरातली सर्वांत मोठी प्रौढ बाई रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख असावी, एवढे अन्नसुरक्षा कायद्यात यायला २०१३ साल उजाडले.

चळवळीतल्याच मैत्रिणी म्हणतात, "हे मुलांचे काम. फुकट पान मिळते, बायकाही तिथेच आहेत, मग हा खटाटोप कशाला?" बायका आहेत तिथे जरूर जाऊ. पण परक्या जागेत ठेवलेले जपले जाईल, असे गृहीत धरू नका. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज बंद केले. सामान्य माणसांनी घडवलेल्या लाखो पानांपैकी स्वयंसेवकांनी धावपळ करून जेवढी उतरवून घेतली तेवढी वाचली. ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मध्ये छापली गेली आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत विस्मृतीत पडून होती. आणि मुलांचे काम कसले? सिस्टरसर्व्हर हा स्त्रीवाद्यांनीच चालवलेला सर्व्हर युरोपात २००५ मध्ये सुरू झाला.

आम्ही शेवटी वाट काढली. जाहीर पत्ता असलेला एक लहान सर्व्हर भाड्याने घेतला. घरचा संगणक स्वतःहून बाहेर जातो आणि वायरगार्ड या प्रणालीने त्याच्याशी एक बंदिस्त वाट कायम उघडी ठेवतो. आतून बाहेर जायला फाटक अडवत नाही ना, मग तेच वापरले. वाचक भाड्याच्या सर्व्हरवर येतात, तो त्यांना आत आणतो. सुरक्षा प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत मिळाले. त्याची किल्ली घरच्या संगणकातच ठेवली, म्हणजे मधल्या सर्व्हरला आतले वाचता येत नाही.

भाडे द्यावे लागलेच. पण मालकाने उद्या हाकलले तर आम्ही फक्त फाटक बदलू. घर आणि सामान आमचेच राहील. दुसरा फायदा असा, की घरचा पत्ता जगाला दिसत नाही. आकडी पत्त्यावरून पुरवठादार कंपनी आणि बहुधा शहरही कळते. धमक्या येणाऱ्या कार्यकर्तीसाठी ही लहान गोष्ट नाही. एक नियम मात्र आम्ही कधीच मोडत नाही: मदतीसाठी आलेल्या बायकांची एकही केस या संगणकावर ठेवायची नाही. वीज गेली की संकेतस्थळ बंद पडते, हेही मान्य. पण वीज परत येते. कंपनीने काढलेली चित्रे आली नव्हती.

तरीही आडवाटेने जावे लागले, हे विसरायचे नाही. घरगुती जोडणीवर मागेल त्याला बाहेरून पोहोचता येईल असा पत्ता मिळाला पाहिजे. आयपीव्ही ६ ची वाट उघडण्याचा अधिकार घरच्या माणसाचा असला पाहिजे. आणि जोडणी विकतानाच, ती एकाच बाजूने उघडते हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्या गटांनीही प्रत्येकी निदान दोघींना हे काम शिकवावे. एकीवर सोडले तर तीच नवी 'जेन्ट्स' होईल.

ती रेखाचित्रे आज आमच्या संकेतस्थळावर आहेत. ती काढायची की ठेवायची, हे आता आमच्या बैठकीत ठरते.