ग्राफिक्सचे नवे मानक : कार्ड कधी बदलावे?

जुलै २०१९ मध्ये एकाच आठवड्यात दोन ग्राफिक्स कार्डे जागतिक बाजारात दाखल झाली : एएमडीचे रेडिऑन आरएक्स ५७०० एक्सटी आणि एनव्हिडियाचे जीफोर्स आरटीएक्स २०६० सुपर. दोहोंची किंमत ३९९ डॉलर, दोहोंची मेमरी ८ गिगाबाइट. त्या वेळच्या बहुतेक खेळांत एएमडीचे कार्ड अधिक वेगवान होते. एनव्हिडियाच्या कार्डात रे ट्रेसिंगसाठी, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग प्रत्यक्ष मोजून दृश्य उजळण्यासाठी, स्वतंत्र यंत्रणा होती. परंतु तिचा उपयोग करणारे खेळ तेव्हा बोटांवर मोजण्याइतके होते. वेग पाहून खरेदी करणाऱ्याचा व्यवहार त्या दिवशी तरी चोख होता.

डिसेंबर २०२४ मध्ये ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ हा खेळ आला आणि हिशेब फिरला. या खेळाला रे ट्रेसिंगची यंत्रणा अनिवार्य आहे. त्याच्या किमान अटींत आरटीएक्स २०६० सुपरचे नाव आहे; आरएक्स ५७०० एक्सटीला मात्र तेथे स्थान नाही. मे २०२५ मधील ‘डूम : द डार्क एजेस’नेही हीच अट घातली. अधिक वेगवान कार्ड दाराबाहेर राहिले, ते वेग कमी पडला म्हणून नव्हे, तर मानक बदलले म्हणून.

अशा मानकांपैकी एक प्रमुख म्हणजे मायक्रोसॉफ्टचे डायरेक्टएक्स. खेळ आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामधला तो दुभाषा. या दुभाष्याच्या शब्दसंग्रहात नवी आज्ञा आली आणि ती पाळणारी यंत्रणा कार्डात नसली, तर केवळ सॉफ्टवेअर बदलून भागत नाही. म्हणूनच प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ग्राहकापुढे एकच प्रश्न उभा राहतो : आता कार्ड बदलायचे काय?

व्हिस्टाचा धडा

या प्रश्नाचे घाईने दिलेले उत्तर महागात पडते, हे डायरेक्टएक्स १० च्या वेळी दिसले. हे मानक जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टाबरोबर ग्राहकांच्या हाती आले. ते एक्सपीवर उपलब्धच नव्हते. त्यामुळे नवे कार्ड आणि नवी विंडोज असा दुहेरी खर्च होता. त्यासाठीचे पहिले कार्ड, जीफोर्स ८८०० जीटीएक्स, त्याआधीच नोव्हेंबर २००६ मध्ये आले होते. प्रत्यक्षात नोव्हेंबर २००७ च्या ‘क्रायसिस’मध्ये व्हिस्टासाठी राखून ठेवलेल्या बऱ्याचशा करामती एका फाइलीत फेरफार करून एक्सपीवरही मिळतात, हे खेळाडूंनी दाखवून दिले. एक्सपीला पूर्णपणे वगळणारा ‘जस्ट कॉज २’ मार्च २०१० मध्ये आला. तोपर्यंत विंडोज ७ सोबत डायरेक्टएक्स ११ बाजारात येऊन काही महिने लोटले होते.

या विलंबाचे कारण संगणकाच्या बाहेर होते. मोठे खेळ संगणक आणि कन्सोल या दोहोंसाठी बनतात. एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ यांची ग्राफिक्स क्षमता साधारणतः डायरेक्टएक्स ९ च्या पिढीची होती. जोवर कन्सोल त्या पायरीवर होते, तोवर निर्मात्यांनाही ती पायरी सोडणे परवडणारे नव्हते.

घोषणा आणि सक्ती

रे ट्रेसिंगचा प्रवास याच वाटेने झाला. मायक्रोसॉफ्टने त्यासाठीच्या आज्ञा मार्च २०१८ मध्ये जाहीर केल्या, त्याच वर्षी सप्टेंबरात पहिली आरटीएक्स कार्डे आली आणि मार्च २०२० मध्ये डायरेक्टएक्स १२ अल्टिमेट या नावाने मानक निश्चित झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ही क्षमता घेऊन अवतरले. तरीही जुन्या कन्सोलसाठी खेळ निघणे काही वर्षे चालूच राहिले. ते मागे पडले, तसा निर्मात्यांचा हिशेबही बदलला. प्रकाशयोजना रे ट्रेसिंगसाठी एकदा आणि जुन्या कार्डांसाठी पुन्हा एकदा, अशी दुहेरी मेहनत करण्याचे प्रयोजन उरले नाही. पहिल्या कार्डापासून सक्तीपर्यंत सहा वर्षे गेली.

मानकाच्या घोषणेची तारीख, म्हणूनच, ग्राहकाच्या दृष्टीने दुय्यम ठरते. सक्ती कधी होणार आणि तोवर आपले कार्ड आपल्याकडेच असणार काय, हे पाहावे लागते. दर तीन वर्षांनी कार्ड बदलणाऱ्याला २०१९ मध्ये आरएक्स ५७०० एक्सटी घेऊन काहीच तोटा झाला नाही. तोटा झाला तो सहा वर्षे एकच कार्ड वापरणाऱ्याचा.

भारतातील अनेक ग्राहक या दुसऱ्या गटात मोडतात. आयात वस्तूच्या किमतीवर १८ टक्के जीएसटी, शिवाय नव्या कार्डासाठी अनेकदा नवा एसएमपीएसही घ्यावा लागतो. एवढा खर्च वारंवार होत नाही. जुने कार्ड धाकट्या भावंडाकडे जाते किंवा वापरलेल्या मालाच्या बाजारात. लॅमिंग्टन रोडवर वा ऑनलाइन स्वस्तात मिळणारे जुने कार्ड घेताना सावध राहायला हवे ते येथेच. केवळ बाजारात आल्याचे वर्ष पाहून फसगत होऊ शकते : जीटीएक्स १६५० आणि १६६० ही कार्डे २०१९ ची, म्हणजे पहिल्या आरटीएक्सनंतरची, पण रे ट्रेसिंगची स्वतंत्र यंत्रणा त्यांत नाही. जीटीएक्स १० मालिकेला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. २०२८ पर्यंत मिळतील ती केवळ सुरक्षाविषयक सुधारणांची.

याचा अर्थ सर्वांनी दुकानाकडे धाव घ्यावी असा नाही. ‘काउंटर-स्ट्राइक २’सारख्या स्पर्धात्मक खेळांना रे ट्रेसिंगची गरज नाही. ज्याच्याकडे आरटीएक्स २०६० सुपर किंवा रेडिऑन आरएक्स ६६०० वा त्यापुढचे कार्ड आहे, त्याला निव्वळ मानकासाठी ते बदलण्याचे कारण नाही. वेग किंवा मेमरी अपुरी पडू लागली, तर तो निर्णय वेगळा. ज्याला नवे मोठे खेळ खेळायचे आहेत आणि कार्ड पाच-सहा वर्षे वापरायचे आहे, त्याने मात्र डायरेक्टएक्स १२ अल्टिमेटची पूर्तता न करणाऱ्या कार्डावर, ते कितीही स्वस्त असो, पैसे घालू नयेत.

मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने रे ट्रेसिंगच्या आज्ञांची १.२ ही आवृत्ती जाहीर केली. तिच्या नावाने कार्डे विकली जातीलच. ती खोक्यावर छापलेली दिसली म्हणून खिशात हात घालण्याचे कारण नाही. पुढच्या पिढीचे कन्सोल काय घेऊन येतात, इकडे मात्र लक्ष असू द्यावे.